एपवर्थचे ठोके : दांडिया बाजारातील एक अभिवाचन

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका छोट्या सभागृहात अधूनमधून तिकीट लावून मराठी अभिवाचने होतात. या वेळचा विषय होता इंग्लंडच्या लिंकनशायरमधील एपवर्थ या लहानशा गावात, सॅम्युएल वेस्ली या धर्मगुरूंच्या घरी डिसेंबर १७१६ पासून जानेवारी १७१७ अखेरपर्यंत चाललेला कथित भुताटकीचा उपद्रव. पूर्वार्धासाठी हा प्रयोग अवश्य ऐकावा. उत्तरार्धाविषयी मात्र तक्रार आहे.

पूर्वार्धाचा सगळा आधार त्या कुटुंबाच्या पत्रांवर आणि जबान्यांवर आहे, आणि तेच त्याचे बळ आहे. आधी दासीला कोणीतरी कण्हत असल्याचा भास झाला, मग भिंतींवर ठोके पडू लागले, बाटल्या फुटल्याचे आणि नाणी ओतल्याचे आवाज येऊ लागले, परंतु जाऊन पाहावे तर सारे जागच्या जागी असे. घरातला दांडगा कुत्रा सुरुवातीला भुंकला आणि पुढे आवाज येण्याआधीच केविलवाणा होऊन माणसांच्या मागे दडू लागला. उंदीर असतील म्हणून धर्मगुरूंच्या पत्नी सुझाना वेस्ली यांनी घरभर शिंग फुंकवले, तर आवाज वाढलेच. मुलींनी त्या अदृश्य पाहुण्याचे नाव ‘ओल्ड जेफ्री’ ठेवले आणि हळूहळू त्यांची भीतीही चेपली. सुझाना यांची पत्रे वाचणाऱ्या बाईंनी स्वर जराही न चढवता, घरखर्चाचा हिशेब सांगावा तशा सुरात ही हकीकत सांगितली, त्यामुळे पाच ते सहा ही आपली एकांत प्रार्थनेची वेळ तरी मोडू नये असे त्या जेफ्रीला बजावतात, तेव्हा सभागृहात हसू आणि शहारा एकदमच उमटला.

लंडनला असलेल्या थोरल्या मुलाने केलेली उलटतपासणी तर संहितेतला सर्वांत सुरेख भाग ठरावा. घरात एखादा नवा नोकर किंवा दासी आली आहे का, कोणी खोड्या काढीत नसेल ना, असे तो आईला पत्रातून विचारतो. आई उत्तर देते की दोघेही नवे आहेत खरे, पण त्यांचा संशय येत नाही. भानामतीच्या नावाखाली घरावर दगड पडू लागले की अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हेच प्रश्न विचारतात, हे चर्चेत एका ज्येष्ठ श्रोत्यांनी दाखवून दिले आणि ते मला पटले.

मध्यंतरानंतर मात्र लेखकाचा या कागदांवरचा विश्वास उडालेला दिसतो. घरात पूर्वी झालेला एक खून, त्याचा सूड आणि ध्वनिक्षेपकातून कानठळ्या बसवणाऱ्या किंकाळ्या, यांतले पत्रांत काहीही नाही. वास्तविक नाट्य हवे होते, तर ते त्या घरात आयते होते. राजा जॉर्जसाठी प्रार्थना सुरू झाली की ठोके जोरात पडत, एवढे संहितेत आहे. पण १७०१-०२ च्या सुमारास राजा विल्यमसाठीच्या प्रार्थनेला सुझाना यांनी ‘आमेन’ म्हणण्यास नकार दिला, त्यावरून नवरा घर सोडून गेला आणि समेटानंतर १७०३ मध्ये जॉनचा जन्म झाला, हे मात्र कुठेच येत नाही. पुढे मेथॉडिस्ट हा ख्रिस्ती पंथ उभारणारा तो हाच जॉन वेस्ली, आणि घरच्यांच्या जबान्या जमवून १७८४ मध्ये छापणाराही तोच. या जुन्या भांडणाचा आणि ठोक्यांचा संबंध श्रोत्यांनी आपापला लावला असता.

हेटी या मुलीवर शेवटी उघड ठपका ठेवला आहे, तोही घाईचा वाटतो. ठोके पडताना ती झोपेत थरथरत असे, हे घरच्यांनी नोंदवले आहे, आणि पुढच्या अभ्यासकांनी तिच्यावर संशयही घेतला. परंतु जॉनने जमवलेल्या कागदांत तिची स्वतःची जबानीच नाही. शास्त्रज्ञ आणि धर्मचिंतक जोसेफ प्रीस्टली यांनी १७९१ मध्ये ही पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांना हा नोकरांचा खोडसाळपणा वाटला होता. दोन्ही मते समोर ठेवून थांबले असते, तर बिघडले नसते.

व्यवस्थेबद्दल बोलायचे तर प्रयोग वेळेवर सुरू होतो, चहा बरा असतो आणि दीडशे रुपयांचे तिकीट महाग म्हणता येणार नाही. खुर्च्या मात्र अरुंद आहेत आणि मागच्या रांगांत पंख्यांच्या घरघरीत हलक्या आवाजातली वाक्ये हरवतात, म्हणून पुढे बसावे. किंकाळ्यांचा भाग वगळल्याखेरीज लहान मुलांना नेऊ नये. तो वगळला, तर आठवी-नववीच्या मुलांना आवर्जून न्यावे.