कापडाखाली दडवलेला तडा : दुपंखी विमानाच्या खरेदीत झालेली फसवणूक

अमेरिकेत हौशी मंडळींनी स्वतः बांधलेली विमाने ‘एक्सपेरिमेंटल’ या वर्गात नोंदवली जातात आणि पुढे ती कोणालाही विकता येतात. असे एक दोन आसनी दुपंखी विमान मी २१,५०० डॉलरना विकत घेतले. ते उडवण्याच्या लायकीचे नव्हते आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होते, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. जुनी दुपंखी विमाने शोधत असलेल्या प्रत्येकाने हे वाचावे, कारण ज्या गोष्टींच्या आधारे मला गंडवले त्या सगळ्या कागदावर निर्दोष होत्या.

विक्रेत्याने सांगितले की विमान त्याने स्वतः बांधले आहे, पंखांना नवे पॉलिएस्टर कापड चढवले आहे आणि वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शन (विमान उडण्यास सुरक्षित आहे का याची तपासणी) नुकतेच झाले आहे. दुसरा ग्राहक तयार असल्याचे सांगून त्याने २,५०० डॉलर इसार घेतला. खरेदीपूर्व तपासणीसाठी मेकॅनिकही त्यानेच सुचवला आणि त्या मेकॅनिकला मी ६०० डॉलर दिले. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक कधीही घेऊ नका. त्याचे पैसे तुम्ही देत असलात तरी त्याची पुढची कामे विक्रेत्याकडूनच येणार असतात. या माणसाने सगळा वेळ इंजिनावर घालवला. इंजिन १५० अश्वशक्तीचे लायकॉमिंग ओ-३२० होते, ९०० तास चाललेले, आणि उत्पादक २,००० तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन उघडून पूर्ण दुरुस्ती, सुचवतो. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन चांगले आले. इंजिनाबद्दल सांगितलेले सगळे खरे निघाले, आणि त्या खरेपणामुळेच बाकीच्या थापा पचल्या.

आता तो क्षण, ज्याच्या आठवणीने आजही माझे डोके तापते. कापडी पंखात मुख्य फिटिंगांच्या, म्हणजे धातूच्या जोडांच्या, जागी कापडावर प्लास्टिकच्या कड्या चिकटवलेल्या असतात; तपासणीच्या वेळी त्या कडीच्या आतले कापड कापून उघडायचे, टॉर्च आणि आरसा घालून स्पार, म्हणजे पंखाचा लाकडी कणा, पाहायचा आणि वर झाकण बसवायचे, अशी पद्धत आहे. या विमानाच्या खालच्या पंखांवर कड्यांचे उठाव स्पष्ट दिसत होते, परंतु एकही कडी कापलेली नव्हती. कापड गुळगुळीत आणि अखंड होते. त्याच वेळी माझ्या हातातल्या लॉगबुकात (विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत), कापड चढवल्याच्या नोंदीनंतरच्या तारखेला, अमेरिकेच्या विमान देखभाल नियमांच्या पार्ट ४३ मधील अपेंडिक्स डीच्या व्याप्तीनुसार विमानाची तपासणी झाली असून ते सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आहे, अशी स्वाक्षरीसह नोंद होती. बंद पंखाच्या आतला स्पार कोणी आणि कसा पाहिला? मी हा प्रश्न विचारला, हे येथे नमूद करतो. विक्रेत्याने शांतपणे उत्तर दिले की कापड चढवण्यापूर्वी स्वतः सगळे पाहिले होते, आणि नव्या कापडाला उगाच भोके पाडायची नसतात. शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकने मान डोलावली. मी परवानाधारक वैमानिक आहे, टेलव्हील (शेपटाखाली चाक असलेली) विमाने चालवली आहेत. परंतु वैमानिकाला पंखाच्या आतली सुतारकी शिकवली जात नाही, आणि परवाना असलेल्या मेकॅनिकच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा गुन्हा ठरत असेल, तर ते परवाने देतात तरी कशाला?

विमान ट्रेलरवरून आणायला १,८५० डॉलर लागले. मग माझ्या ओळखीच्या, त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या मेकॅनिकने ९०० डॉलर घेऊन पहिली कडी कापली आणि काही मिनिटांतच मला आत पाहायला सांगितले. डाव्या खालच्या पंखाच्या पुढच्या स्पारवर, वरच्या आणि खालच्या पंखांना जोडणारा खांब, म्हणजे इंटरप्लेन स्ट्रट, जिथे जोडलेला असतो त्या फिटिंगलगत, लाकडाच्या धाग्यांना आडवी जाणारी केसासारखी बारीक रेघ होती. हा कॉम्प्रेशनचा, म्हणजे लाकूड दाबाखाली चुरडल्याचा, तडा. विमान जमिनीवर गरकन फिरून पंख टेकला की स्प्रूस लाकडाचे धागे असेच चुरडले जातात. वरून लाकूड अखंड वाटते, पण ताकद गेलेली असते, आणि असा स्पार गोंद लावून नव्हे तर बदलून दुरुस्त होतो. त्याच फिटिंगचे भोक लंबगोल झाले होते आणि त्यात घातलेल्या बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा होत्या. विमानासाठीच्या ‘एएन’ मानकाच्या पोलादी बोल्टवर फुली किंवा चांदणीसारखी खूण असते. तीन रेघा म्हणजे बाजारातला ग्रेड ५ चा बोल्ट. तो लांबीला चुकीचा असल्याने त्याचे आटे थेट फिटिंगच्या भोकात भार घेत होते. लँडिंग वायर, म्हणजे विमान जमिनीवर असताना आणि उतरताना पंखांचा भार पेलणाऱ्या तारा, याच फिटिंगला अडकवलेल्या होत्या. शेपटाकडे खालच्या पोलादी नळीला टोच्या लावला, तर तो गंजातून आरपार गेला. बोल्टांची डोकी तरी स्वतः वाचा, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

‘मी बांधले’ हेही खोटेच होते. विमानावरच्या डेटा प्लेटवर (ओळखपट्टीवर) बांधणाऱ्याचे नाव असते. तिथे दुसरेच नाव होते आणि ते भागीदार मित्राचे असल्याचे मला सांगण्यात आले. ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयातून विमानाची संपूर्ण फाइल किरकोळ शुल्कात मिळते. त्या फाइलप्रमाणे हा माणूस तिसरा मालक होता. आपण बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी करू देणारा रिपेअरमन परवाना मूळ बांधणाऱ्याला मिळतो, तो विमानाबरोबर विकला जात नाही. म्हणून ‘माझे विमान मीच तपासतो’ असे म्हणणाऱ्याकडे तो परवाना आधी मागा.

यानंतर मी तक्रारींच्या मागे लागलो, आणि खरा संताप तिथे झाला. संबंधित सरकारी कार्यालयाने सांगितले की ते सुरक्षिततेचे नियम पाहतात, खरेदी-विक्रीचे वाद पाहत नाहीत. तडा गेलेला स्पार ‘सुरक्षित’ म्हणून नोंदवला जाणे हा सुरक्षिततेचा प्रश्न नाही काय, असे विचारल्यावर उत्तर आले की विमान उडालेले नाही आणि अपघातही झालेला नाही. म्हणजे मी किंवा माझ्या पुढच्या आसनावरच्या माणसाने मरायला हवे होते! मी छायाचित्रे, बोल्ट आणि लॉगबुकाच्या प्रती दिल्या. त्यावर तपासणीच्या तारखेनंतर नुकसान झाले नसेल कशावरून, असा प्रश्न मलाच विचारण्यात आला. अखंड कापड हाच त्याचा पुरावा आहे, हे मी लेखी कळवले, त्यावर ‘प्रकरण विचाराधीन’ एवढेच पत्र आले. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून हात झटकले. वकिलाने विक्रीपत्रातल्या ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांवर बोट ठेवले आणि दाव्याचा खर्च येणाऱ्या रकमेहून अधिक होईल असे सांगितले. लहान दाव्यांच्या न्यायालयाची मर्यादा माझ्या नुकसानीपेक्षा कमी आहे. खोटी स्वाक्षरी करणाऱ्याचा परवाना आजही चालू आहे.

एकूण २४,८५० डॉलर गेले. इंजिन विकून ९,४०० आले, निव्वळ बुडीत १५,४५०. सांगाडा मी कोणालाही विकलेला नाही आणि विकणारही नाही. दोन्ही खालचे स्पार कापून टाकले आहेत.

तोच विक्रेता आता दुसरे दुपंखी विमान विकत आहे आणि जाहिरातीत पुन्हा नव्या कापडाचाच उल्लेख आहे. ते पाहायला जाणाऱ्याने इसार देण्यापूर्वी स्ट्रटजवळची कडी स्वतःच्या मेकॅनिककडून कापून घेण्याची लेखी परवानगी मागावी. झाकणाचा खर्च किरकोळ आहे. परवानगी नाकारली तर तिथे थांबू नये.