जुन्या घराला नवी फरशी: शहाबादी, कोटा की व्हिट्रिफाइड?

घर दुरुस्तीला काढलं की पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते. तिथल्या लखलखत्या दिव्यांखाली दोन बाय चार फुटांची चकचकीत टाइल मनात भरते आणि ॲडव्हान्स देऊनच माणूस बाहेर पडतो. कोल्हापुरात मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ किंवा कसबा बावड्यातलं जुनं घर असेल, तर एवढी घाई करू नका. अशा घरात फरशी कोणती हे जमिनीतली ओल ठरवते, रंग आणि डिझाइन त्यानंतर. चुकीच्या जागी घातलेली महागातली टाइलसुद्धा भिंती खराब करते.

ओल आधी तपासा

दगड-मातीच्या किंवा दगड-चुन्याच्या जुन्या बांधकामात जोत्याला डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर, बहुधा नसतो. जमिनीतली ओल वर येत राहते आणि शहाबादीच्या रुंद सांध्यांतून वाफ होऊन निघून जाते. तिच्यावर व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल लावली की ही वाट बंद होते, कारण या टाइलचं पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असतं. अडलेली ओल मग आडवी सरकते आणि भिंतीतून वर चढते. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीच्या) वर पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो आणि बोल रंगाऱ्याला लागतो.

तपासणी सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक फरशीवर अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि निदान सोळा तास तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले किंवा खालची फरशी काळवंडली, तर ओल आहे. हे जुलै-ऑगस्टमध्ये करा. एप्रिलमध्ये कोरडी दिसणारी जमीन फसवते.

ओल सापडली तर दोनच मार्ग आहेत. एक, जुनी फरशी उखडून खालचा भराव काढायचा, मुरूम पाणी मारून धुमसायचा, त्यावर दगडाचं सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर), मग किमान 250 मायक्रॉनचं प्लास्टिक, त्याच्या कडा भिंतीला चार बोटं वर चढवून, आणि वर तीन-चार इंच काँक्रीट. एवढं झाल्यावर कुठलीही फरशी चालते. मात्र यामुळे ओल फक्त जमिनीपुरती थांबते, भिंतीला वेगळा इलाज लागतोच. नदीकडच्या काळ्या मातीवर घर असेल तर भरावाचं काम अजिबात टाळू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची फरशी सांध्यांत उघडते. दुसरा मार्ग म्हणजे दगडी फरशीच ठेवायची.

दगड की टाइल

शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातली, कोटा राजस्थानातला. दोन्ही चुनखडीचे दगड, त्यामुळे दोघांचा वैरी एकच: आम्ल. लिंबू, चिंचेचा कोळ, व्हिनेगर सांडून तसंच राहिलं की पॉलिश मरतं आणि फिकट डाग उरतो. संडासाचं ॲसिड तर दगड खातंच. बाकी दोन्ही दणकट. मोटारसायकल सोप्यात (पुढच्या पडवीत) लावणाऱ्या घरात, शेतातून चिखलाच्या पायांनी माणसं येणाऱ्या घरात दगडाला तोड नाही.

जुनी शहाबादी इंचभर जाड आणि खालून भरीव असेल, तर ती काढायची गरजच नाही. काठीने ठोकत फिरा. पोकळ वाजणाऱ्या फरश्या तेवढ्या उचलून पुन्हा बसवा, सांधे खरवडून भरा आणि मशीनने घासून पॉलिश करून घ्या. नव्या फरशीपेक्षा हा खर्च पुष्कळ कमी. एक मात्र लक्षात ठेवा: घासताना राखाडी गाळ सगळ्या घरात होतो आणि भिंतींवर हातभर उडतो. म्हणून शेवटचा रंग आणि दरवाज्यांचं पॉलिश यानंतरच.

व्हिट्रिफाइडमध्ये दोन प्रकार नीट वेगळे करा. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो. जीव्हीटीमध्ये, म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइलमध्ये, नक्षी वरच छापलेली आणि तिच्यावर काचेचा पातळ थर. जीव्हीटीची डिझाइन्स फार सुंदर असतात, पण जड वस्तू पडून टवका उडाला की आतला वेगळा रंग लगेच दिसतो, आणि चकचकीत जीव्हीटीवर वाळूचे ओरखडे पडतात. सोपा, जिना आणि स्वयंपाकघर डबल चार्जला द्या; जीव्हीटी झोपायच्या खोलीत शोभते आणि टिकते. दुकानात टाइलची कड बघायला मागा, तिथेच फरक कळतो.

जुन्या लाकडी माडीवर कुठलाही जड थर घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. दोन इंच मसाल्याचं (सिमेंट-वाळूच्या थराचं) वजनच चौरस मीटरला 100 किलोच्या आसपास होतं, टाइल वेगळी. तुळया आणि पाटणी ते पेलतील असं गृहीत धरू नका.

बसवताना काय बिघडतं

व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही, म्हणून सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही. तिला टाइल ॲडहेसिव्ह लागतं. 3 मिलिमीटर थराला 20 किलोचं एक पोतं साधारण 45 ते 55 चौरस फूट पुरतं. यावरून किती पोती लागतील ते आधीच काढा. दातेरी थापीने थर सगळीकडे सारखा ओढायचा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे टाकून टाइल दाबण्याची पद्धत सर्रास दिसते, ती चालू देऊ नका. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि कपाटाचा पाय नेमका त्यावर आला की टाइल तडकते. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून बघा आणि पोकळ वाजेल ती तेव्हाच काढायला लावा.

दोन बाय चारची टाइल मध्यभागी किंचित फुगीर असते. विटांच्या रचनेत अर्ध्यावर सांधा घेतला तर एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशी येतो आणि पायाला कड लागते. तशी रचना हवीच असेल तर सांधा एक तृतीयांशावर घ्या. सांध्यात अंतर राखणारा स्पेसर दोन मिलिमीटरचा ठेवा. सांध्याविना टाइल भिडवून लावणं दिसायला छान, पण उन्हाळ्यात प्रसरणाला जागा न मिळून ती मधूनच उचलते.

जुन्या फरशीवरच नवी टाइल लावली तर तळ 12 ते 15 मिलिमीटर वर येतो. दारं खालून कापावी लागतात, उंबरा बुटका होतो, आणि मोरीचा तळ तसाच राहिला तर तिथे पायरी होते. हे आधी मोजा.

स्वयंपाकघर

ओट्याला 18 ते 20 मिलिमीटरचा काळा ग्रॅनाइट. संगमरवर नको, त्याचंही आम्लाशी कोटासारखंच वैर. कारखान्यात बनवलेला पांढरा नॅनो दगड दिसतो देखणा, पण कुकर थेट गॅसवरून उतरवून ठेवला की तडा जाऊ शकतो. ओट्यामागच्या टाइलला आणि जमिनीच्या सांध्यांना इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा माल) घाला. साध्या सिमेंट ग्राउटमध्ये तांबड्या रश्श्याचा तवंग एकदा मुरला की तो निघत नाही. इपॉक्सी महाग आहे आणि बसवल्यावर लगेच पुसून घ्यावं लागतं, वाळलं तर टाइलवर चिकटून बसतं. पण इथे पैसे वाचवू नका.

न्हाणीघर आणि नळ

जमिनीला एक फूट बाय एक फुटाची मॅट टाइल. मोठ्या टाइलला नहाणी ट्रॅपकडे (पाणी जाण्याच्या जाळीकडे) चारही बाजूंनी उतार देता येत नाही. उतार फुटाला तीन-चार मिलिमीटर. वॉटरप्रूफिंगनंतर ट्रॅप बंद करून 48 तास पाणी साठवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा, टाइल त्यानंतरच.

कमोड विकत घेण्याआधी भिंतीपासून निकासाच्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. एस ट्रॅप, म्हणजे जमिनीतून निकास असलेले कमोड ठरलेल्या अंतराचेच येतात. भिंतीवर नवं प्लास्टर आणि टाइल चढली की हे अंतर इंचभर घटतं, मग कमोडची टाकी भिंतीला भिडते आणि पाय पाइपावर बसत नाही. माप नेहमी तयार भिंतीपासून धरा.

शॉवर निवडताना दाबाचा हिशेब करा. टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत 10 फूट उंची मिळाली तर दाब 0.3 बार. वरच्या मजल्यावर गच्चीतल्या टाकीची ही उंची जेमतेम सहा फूट भरते, म्हणजे 0.2 बारही नाही. एवढ्या दाबावर मोठ्या रेन शॉवरमधून धार न येता थेंब गळतात. तिथे साधा हँड शॉवर चांगला. रेन शॉवर हवाच असेल तर टाकी उंचावर न्या किंवा प्रेशर पंप धरा.

नळ पितळी बॉडीचे आणि सिरॅमिक डिस्कचे घ्या. मात्र बोअरच्या पाण्यातली बारीक वाळू डिस्कवर ओरखडे पाडते आणि नळ ठिबकतो, म्हणून टाकीच्या निकासाला जाळीचा फिल्टर लावा. कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे गरम-थंड पाण्याचा भिंतीत बुजवायचा नळ, चार इंची भिंतीत बसवताना भिंत पार पलीकडेपर्यंत फुटते. तिथे बाहेरून लागणारा वॉल मिक्सरच बरा, पुढे दुरुस्तीलाही टाइल फोडावी लागत नाही. सोलरच्या गरम पाण्याला उष्णता सोसणारा सीपीव्हीसी पाइप, थंड पाण्याचा यूपीव्हीसी नाही.

भिंती आणि पूररेषा

ओल असलेल्या भिंतीला पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट म्हणजे पोपडे विकत घेणं. तिथे चुन्याचं प्लास्टर आणि चुना, भिंतीला श्वास घेऊ देतात. कोरड्या भिंतीला सिमेंटची पुट्टी दोन हात आणि वर ॲक्रिलिक इमल्शन. बाहेरचं रंगकाम जून ते सप्टेंबरमध्ये करू नका.

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा भागात तळमजल्याचं काम वेगळं करा. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड (दोन्ही लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले) आणि फक्त दमटपणा सोसणारा एमआर प्लाय एका पुरात फुगून जातात. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि पीव्हीसीची दारं करा. प्लायच हवा तर आयएस 710 मानकाचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा. चौकटी ग्रॅनाइटच्या, जिप्सम प्लास्टरऐवजी सिमेंटचं, आणि प्लग पॉइंट मागच्या पुराच्या खुणेच्या वर.

टाइल मागवताना क्षेत्रफळावर सात-आठ टक्के वाढवा, तिरकी रचना असेल तर बारा. सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि साइझचा नंबर एकच आहे का हे टेम्पो रिकामा करतानाच बघा. एक खोकं माळ्यावर ठेवून द्या. पाच वर्षांनी तुटलेल्या टाइलची जोडी बाजारात मिळत नाही.