एमटीबीला रोडचे टायर: सोलापुरात रोज ये-जा करणाऱ्याने कोणते घ्यावेत?

जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा सात रस्त्यावरून पुणे रोडला विद्यापीठाकडे रोज एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर, जायचं, तर कंपनीने दिलेले जाड नक्षीचे बटन टायर सगळ्यात आधी नडतात. डांबरावर प्रत्येक बटन दाबलं जातं, वाकतं, परत सरळ होतं, आणि तुमच्या पायाचा जोर त्यातच जिरतो. शिवाय तो सततचा घूंऽऽ आवाज. आपलं शहर बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे टायर बदलला की फरक लगेच पायाला कळतो.

प्रश्न असतो तो कोणता घ्यायचा याचा. खरे पर्याय चार आहेत.

पहिला, आहे तोच टायर ठेवून हवा वाढवणं. खर्च शून्य. मागच्या टायरला ३० ऐवजी ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली तरी सायकल हलकी चालते, मात्र टायरच्या कडेला छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. रविवारी सायकल मातीच्या वाटेवर नेत असाल आणि ऑफिस दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर एवढं पुरे. पण बटनं डांबरावर भराभर झिजतात, मागची तर आधीच. रोजचं अंतर मोठं असेल तर हा पर्याय फार दिवस पुरत नाही.

दुसरा, १.५ इंची पूर्ण गुळगुळीत स्लिक. हलका, ५५ ते ६५ पीएसआय हवेवर सुसाट पळणारा. गुळगुळीत टायर पावसात घसरतो अशी भीती अनेकांना वाटते, ती खरी नाही. सायकलचा टायर अरुंद आणि वेग कमी, त्यामुळे तो पाण्यावर तरंगत नाही. ओल्या डांबरावर पकड रबराची असते, नक्षीची नव्हे. घसरायला होतं ते शेतातून आलेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर टाकलेल्या काळ्या मातीच्या चिखलावर, आणि तिथे अरुंद स्लिक सगळ्यात आधी दगा देतो. खोदकाम करून अर्धवट बुजवलेल्या चरांवर हा टायर हाडं खिळखिळी करतो. हवा कमी असताना खड्ड्यात आदळला, तर ट्यूब रिममध्ये चेपून एका वेळी दोन भोकं पडतात. माझ्या मते हा टायर चांगल्या रस्त्यांच्या शहरासाठी आहे.

तिसरा, १.७५ ते १.९५ इंची सेमी-स्लिक. मधोमध सलग गुळगुळीत पट्टा, कडेला बारीक नक्षी. सरळ चालताना फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो, आणि मातीच्या साइडपट्टीवर उतरावं लागलं तर कडेची नक्षी कामाला येते. साधारण ७५ किलो वजनाच्या माणसाने मागे ४५, पुढे ४० पीएसआय ठेवून बघावं. स्लिकपेक्षा किंचित मंद, पण खड्डे झेलतो.

चौथा, याच रुंदीचा, पण आतून पंक्चररोधक थर असलेला टूरिंग टायर. श्वाल्बे या टायर कंपनीच्या मॅरेथॉन प्लसमध्ये नक्षीखाली ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक रबरी थर असतो. टायर जड आहे, रिमवर चढवताना अंगठे दुखतात, आणि साध्या टायरच्या कित्येक पट पैसे पडतात. तरीही आपल्याकडे मी याच्याच बाजूने आहे.

कारण आपल्या भागातले काटे. रस्त्याकडेची वेडी बाभूळ आणि सराटा. सराटा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर रोखलेलाच असतो. मोठी गाडी आली की सायकलवाल्याला कडेला दबावं लागतं, आणि काटे नेमके तिथेच. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरून मोडतो; बाहेरून काही दिसत नाही आणि टोक आत तसंच राहतं. पॅच लावून ट्यूब परत बसवली की दोन दिवसांत पुन्हा त्याच जागी पंक्चर. म्हणून ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूच फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. तो पकडीने उपटून काढा.

बजेट आटोपशीर असेल तर मधला मार्गही आहे: साधा सेमी-स्लिक, आत टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी पंक्चर लायनरची पट्टी आणि ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक भोक आतून बुजवणारा द्रव. एवढ्यावर बहुतेक काटे निभतात. एकाच टायरचे पैसे असतील तर आधी मागचा बदला. वजन तिथे जास्त पडतं, झीज आणि पंक्चरही तिथेच जास्त. ऑफिस चार किलोमीटरच्या आत असेल तर लायनरवाला पर्याय पुरेसा आहे. रोज वीसेक किलोमीटर, त्यात हायवेची कड आणि वेळेवर पोचायची सक्ती असेल, तर चौथ्यावर पैसे घाला.

दुकानात मात्र आकड्यांकडे नीट बघा. २६ × १.५ आणि २६ × १ १/२ हे वेगवेगळे टायर आहेत आणि एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. कडेला छापलेला तीन आकडी व्यास वाचा: २६ इंची एमटीबीला ५५९, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. ट्यूबही टायरच्या रुंदीची घ्या. २.१२५ ची जुनी ट्यूब १.५ च्या टायरात कोंबली तर तिला घडी पडते आणि काटा न लागताही ती तिथेच फुटते.