टक् आवाज आला नाही, तेव्हाच उठायला हवं होतं

आईच्या पॅरालिसिससाठी एका चुंबक-उपचाराच्या सेंटरमध्ये ८६,००० रुपये गेले. २० सिटिंगचे ६३,०००, 'ब्रेन मॅपिंग'चे ४,५००, घरी घालायच्या चुंबकाच्या टोपीचे १८,५००. आईचा डावा हात होता तिथंच आहे.

मला अडाणी समजू नका. टीएमएस, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकाचे ठोके द्यायचं तंत्र, खरं आहे, १९८५ पासून आहे, डिप्रेशनसाठी हॉस्पिटलं वापरतात. हे वाचूनच गेलो होतो, म्हणून तर जास्त चीड येते. खऱ्या मशीनची कॉइल प्रत्येक ठोक्याला टक् वाजते, कानात बोळे घालायला देतात, आधी अंगठा कधी उडतो ते बघून मात्रा ठरवतात. या सेंटरमध्ये आईच्या अंगठ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मशीन मुकं, नुसता हिरवा दिवा. आणि श्रवणयंत्र? तसंच कानात! मी विचारलं, "हे काढायचं ना?" तिथली मुलगी म्हणाली, "राहू दे काका, आपलं सॉफ्ट मॅग्नेट आहे." मी मान डोलावली. पैसे भरून झाले होते हो, पावती खिशात होती. पावतीवर 'वेलनेस सेवा' लिहिलंय, हे घरी आल्यावर दिसलं. तुम्ही आधी वाचा.

आणि सेंटरवाले फिजिओ बंद करा म्हणाले, हात थकतो म्हणे! महिनाभरात खांदा आखडला. कुणीही फिजिओ थांबवायला सांगितलं, की तिथूनच परत फिरा. नंतर न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं, अमेरिकेतल्या २०१८ च्या चाचणीत खऱ्या आणि नकली कॉइलच्या गटांत हाताच्या सुधारणेत फरक निघाला नाही. व्यायाम दोघांनाही होता. त्यांना आधी विचारलं असतं तर फी ८०० रुपये होती.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. आरोग्य खात्यात म्हणाले, हॉस्पिटल नाही, आमच्याकडे येत नाही. डॉक्टरांच्या कौन्सिलकडे गेलो तर सेंटर चालवणारा माणूस डॉक्टरच नाही! म्हणजे डॉक्टर नसला की मोकळा? ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यांच्या यादीत पॅरालिसिस आहे. प्रिंट काढून दाखवली. साहेबांनी ती चहाच्या कपाखाली ठेवली. आता ग्राहक आयोगात जातोय, ५ लाखांपर्यंत तिथं फी नाही. रोख देऊ नका. माझे ४०,००० रोख होते, त्यांचा कागद नाही.

चौकीतल्या हवालदारानं मोबाइल पुढे केला. जाहिरातीत माझीच आई. बाराव्या सिटिंगला त्यांनी व्हिडिओ काढला होता, आणि माझे पैसे वाया गेले असं वाटू नये म्हणून ती म्हणाली होती, "फरक वाटतोय."