येशिवात सात महिने : शिकवणीला साडेचार स्टार, स्टँडला एक

हा रिव्ह्यू मी दोनदा लिहिलाय. पहिला लिहिला तेव्हा डोकं इतकं तापलं होतं की चार ओळींत सगळ्या येशिवालाच (ज्यू धर्मग्रंथ शिकायची शाळा) एक स्टार देऊन मोकळा झालो होतो, कारण निघायच्या आठवड्यात ऑफिसनं माझं 200 शेकेलचं डिपॉझिट अडकवलं, म्हणजे आपले काही हजार रुपये. कशासाठी, तर एका लाकडी श्टेंडरसाठी. आता घरी येऊन महिना झाला, ताप उतरलाय, थोडंफार मत बदललंय, पण सगळं नाही.

येशिवा कुठली ते सांगत नाही, जेरुसलेममधली आहे, परदेशी पोरांसाठी उशिरा सुरुवात करणाऱ्यांचा वर्ग आहे एवढं पुरे. मी एलुल महिन्याच्या झमानला (सत्राला) गेलो, म्हणजे ऑगस्टअखेर, आणि पेसाह सणाच्या आधी परत आलो. फी, हॉस्टेल, व्हिसा हे सगळं तुम्ही आधीच शोधून बसला असाल, त्यात मी वेळ घालवत नाही.

ज्यांना श्टेंडर माहीत नाही त्यांच्यासाठी: कीर्तनकारापुढे पोथीचा स्टँड असतो ना, तसाच, फक्त उंच. वर तिरकी फळी, त्यावर गमारा (तालमुद, ज्यू कायद्याचा मोठा ग्रंथ) ठेवायची, मागे एक दांडी खाचेत अडकवून उतार कमीजास्त करायचा. गंमत बघा, येशिवा या शब्दाचा अर्थच बसणं, म्हणजे आपली बैठक, आणि तिथं अर्धा दिवस माणूस उभा राहून डुलत असतो. माझ्या स्टँडची दांडी पहिल्या दिवसापासून सुटायची. म्हणजे आपण अंगठा हवेत फिरवत मुद्दा अगदी शेवटाला आणलाय, तिथला मुद्दा अंगठ्याशिवाय पूर्ण होतच नाही, आणि धाड, फळी आडवी, गमारा जमिनीवर. पुस्तक पडलं की उचलून त्याचं चुंबन घ्यायचं अशी रीत आहे, आपल्याकडे पाय लागला की नमस्कार करतो तसंच. पहिल्या महिन्यात मी बाबा मेत्सियाचे (तालमुदचा आमचा भाग) इतके मुके घेतले की पोरं मला त्यावरून चिडवायला लागली.

ऑफिसात सांगितलं, म्हणाले बघतो. परत सांगितलं, म्हणाले झमान संपल्यावर. मावशी लोदला राहते, ती म्हणाली मेआ शआरीम वस्तीत जा आणि नवा घे की. किंमत बघितली आणि तसाच परत आलो. फुकट मिळालेला असताना विकत कशाला घ्या.

असो, आता शिकण्याकडे येतो.

आपल्या बेने इस्रायल घरांत शब्बाथ आहे, सुंता आहे, शेमाची प्रार्थना आहे, एलियाहू हन्नाबीचा मलिदा आहे. नवगावच्या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांची सात जोडपी लागली म्हणतात, त्यांच्याबरोबर पोथ्या काही आल्या नाहीत, तरी शनिवारी घाणा बंद ठेवायचं कुणी विसरलं नाही, म्हणून तर शनवार तेली नाव पडलं. मुंबईत 1846 ला मराठी अर्थासकट हगादा (पेसाहला वाचायची पोथी) छापली, पुण्यात 1874 ला चित्रांची निघाली. पण तालमुद? माझ्या पप्पांनी उभ्या आयुष्यात गमाराचं पान उघडलेलं नाही आणि ठाण्यातल्या आमच्या सिनेगॉगमध्ये नियमानं येणारी माणसं आहेत ती. त्यामुळे मी गेलो तो पूर्ण कोरा.

पहिल्याच दिवशी वाटलं आपल्या प्रतीचं पहिलं पान फाटलंय. पुस्तक दोन नंबरच्या पानापासून सुरू. कंप्लेंट करायला ऑफिसकडे निघालो होतो, वाटेत एकानं सांगितलं की जवळजवळ सगळ्याच भागांचं असं असतं, मुखपृष्ठाचं पान धरून मोजतात. हे पानांचे आकडे व्हेनिसच्या बॉम्बर्गनं 1520 च्या सुमारास छापताना बसले ते आजतागायत तेच, आणि आज जो साचा सगळे वापरतात तो विल्नाला 1880 च्या दशकात रोम नावाच्या छापखान्यानं काढलेला. पान म्हणजे काय वर्णावं, मधे मजकूर, आतल्या अंगाला राशी (हा 1040 ते 1105, फ्रान्समधल्या त्र्वा गावचा, आपली मेष-वृषभवाली राशी नव्हे), बाहेरच्या अंगाला तोसाफोत, म्हणजे राशीच्याच नातवांनी आणि त्यांच्या पुढच्यांनी काढलेल्या शंका. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, स्वरांच्या खुणा नाहीत, प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं ते आपलं आपण ओळखायचं, आणि भाषा हिब्रू म्हणेपर्यंत अरामी झालेली असते. वर राशीचं अक्षर वेगळं. बाळबोध येतं म्हणून मिरवणाऱ्यासमोर मोडीचा कागद टाकावा तसं. त्यातही राशीनं स्वतः त्या अक्षरात कधी लिहिलंच नाही, ते छापखानेवाल्यांनी नंतर वापरलं, मग आम्हाला कशाला त्रास, असं मी विचारलं तर वर्गात हशा.

पण दोन महिन्यांनी मोडी लागते तशी ही पण लागते. शप्पथ.

आवाजाची तयारी ठेवा. लायब्ररीसारखी शांतता असेल अशा समजुतीत मी गेलो होतो. बेत मिद्राश (शिकायचा हॉल) म्हणजे सकाळी सहाचं दादरचं फुलमार्केट, शंभरेक माणसं जोडीजोडीनं एकमेकांवर ओरडतायत आणि कुणालाच कुणाचा राग आलेला नाही. जोडीदाराला हवरूता म्हणतात. माझा हवरूता ब्यूनोस आयरेसचा, त्याचं इंग्रजी माझ्या हिब्रूइतकंच, त्यामुळे भांडणाला शब्द कमी पडायचे म्हणून दोघं हातवारे करायचो. तो मला पहिल्या आठवड्यात म्हणाला, तुमच्या भारतात ज्यू कसे काय? मी म्हटलं तुमच्या अर्जेंटिनात कसे काय? तिथून जमलं. पुढे त्यानंच शोधून दाखवलं, तालमुदच्या मगिल्ला भागाच्या अकराव्या पानावर एस्तेरच्या पोथीतल्या होदू आणि कूशवरून, म्हणजे आपला हिंद आणि तो आफ्रिकेतला कूश, राव आणि श्मुएल या दोन पंडितांत वाद आहे, एक म्हणतो दोन्ही जगाच्या दोन टोकांना, दुसरा म्हणतो शेजारी-शेजारी. आम्ही पुढे एकमेकांना "शेजारी" म्हणायला लागलो.

हिस्टरीचा तास आठवड्यातून एकदाच, पण छान. रामबाम म्हणजे बाराव्या शतकातला मोठा ज्यू पंडित, त्याचा भाऊ दावीद व्यापाराला निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला, घरचा पैसा त्याच्याबरोबर गेला, हे तिथं कळलं. त्याच रामबामनं एका पत्रात लिहिलंय की हिंदमधल्या ज्यूंना तोरा (धर्मशास्त्र) माहीत नाही, शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता एवढंच त्यांच्यापाशी आहे. वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बरोबर आहे, पण तेवढं तरी ठेवलं ना. मग 1964 चा विषय निघाला, लग्नाच्या वेळी आपल्या लोकांच्या ज्यूपणाची चौकशी करायचा रब्बीनेटचा (तिथल्या धर्मपीठाचा) फतवा, आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरलेलं धरणं, आणि शेवटी क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, सांगितलं की बेने इस्रायल सगळ्या बाबतींत पूर्ण ज्यू. मावशीचे सासरे त्या धरण्यात बसले होते, हे सांगितल्यावर मात्र शिकवणाऱ्यांनी मलाच पुढे उभं केलं. वीस मिनिटं बोललो, स्टँडशिवाय.

विचार, तत्त्वज्ञान याचा तास जेवणानंतर असायचा, त्याबद्दल माझं मत धरू नका, मी झोपलेलो असायचो. जेवण ठीक. गुरुवारी रात्री उशिरापर्यंत मिश्मार (जागून अभ्यास) असतो तेव्हा चोलंट मिळतं, बटाटा, बीन्स, बार्ली, मटण रातभर शिजवलेलं, तिखटाचा पत्ता नाही. मावशीनं मसाल्याची बरणी दिली होती, ती तिसऱ्या गुरुवारी अर्जेंटिनानं संपवली.

आता मुद्द्याचं. हिवाळ्याच्या झमानमध्ये आम्हाला बाबा मेत्सियाचा आठवा अध्याय लावला, हा-शोएल, म्हणजे उसनं नेणारा. आणि मी उसना स्टँड घेऊन तो शिकतोय. विषय असा की दुसऱ्याची वस्तू सांभाळणारे चार प्रकारचे, फुकट सांभाळणारा, पैसे घेऊन सांभाळणारा, भाड्यानं घेणारा आणि उसनं घेणारा. सगळ्यात जास्त जबाबदारी उसनं घेणाऱ्यावर, कारण सगळा फायदा त्याचाच, अपघात झाला तरी भरपाई द्यायची. सूट एकच, काम करता करता वस्तू गेली तर नाही. का? तर रावा नावाचा तालमुदी पंडित म्हणतो, मी जनावर नेलं ते काय मांडवाखाली उभं करायला? आपल्या भाषेत, म्हैस काय मखरात बसवायला आणली होती? मग एकानं कुऱ्हाड उसनी नेली आणि मोडली, रावा म्हणाला, तू ती भलत्या कामाला वापरली नाहीस याचे साक्षीदार आण आणि सुट. पुढे तर मांजर आहे. उंदीर मारायला शेजाऱ्याचं मांजर नेलं, उंदरांनीच जमून त्याला मारलं, दुसऱ्या पाठात उंदीर खाऊन खाऊन मेलं, आणि राव अशी या पंडितासारखा मोठा माणूस गंभीरपणे विचार करतोय की याला कामात मेलं म्हणायचं का. मला इतका आनंद झाला. दीड हजार वर्षांपूर्वी माझी केस तयार करून ठेवली होती!

निघायच्या आठवड्यात फळी खाचेपाशी उभी चिरली. मी उलटा खूश, म्हटलं आता बघाच. ऑफिसात गेलो, सेक्रेटरीसमोर मांजरापासून कुऱ्हाडीपर्यंत सगळं मांडलं, अंगठा फिरवून. त्यानं शांतपणे ऐकलं, ड्रॉवरमधून एक कागद काढला, "स्टँड घेतला तसा परत देईन", खाली माझी सही. म्हणाला, गमारा वर, हे ऑफिस आहे. तिथं माझं टाळकं सटकलं आणि तो एक स्टारवाला रिव्ह्यू लिहिला.

आता मत बदलल्याचा भाग, जो मला लिहायला आवडत नाहीये. हवरूताला वाटलं होतं माझी बाजू घेईल. तो म्हणाला, एक मिनिट शेजारी, तू मधे त्या दांडीला काय लावलं होतंस? लावलं होतं. डिसेंबरात वैतागून ठाण्याहून नेलेलं फेविक्विक खाचेत ओतलं होतं, दोन थेंब, आणि त्यानं आपलं काम चोख केलं, दांडी परत हललीच नाही, त्यामुळे सगळा भार एका रेषेवर आला आणि लाकूड चिरलं. म्हणजे वापरात बदल केला. रावाची कुऱ्हाड गेली की हातातून. मी म्हटलं सुटणारी दांडी चिकटवणं म्हणजे दुरुस्ती. तो म्हणाला मालकाला विचारलं होतंस? दोन तास भांडलो, रात्रीचं सेदेर (अभ्यासाची बैठक) त्यातच संपलं, आणि खरं सांगतो, सात महिन्यांत तेवढी स्वच्छ गमारा मी कधी बोललो नव्हतो.

शेवटी रब्बींकडे गेलो. त्यांनी आठवा अध्याय उघडलाच नाही, त्याच्या सुरुवातीचंच 94 वं पान काढलं, सातव्याचा शेवट, तिथली मिश्ना, म्हणजे गमारा ज्यावर चर्चा करते तो मूळ मजकूर. सांभाळणाऱ्याला आपली जबाबदारी कमी करून घेण्याची अट घालता येते. आणि खाली गमारात दिलेलं जुनं वचन, पैसे घेऊन सांभाळणारा उसनं घेणाऱ्याएवढी जबाबदारी अंगावर घेऊ शकतो. म्हणजे माणूस जास्तीची जबाबदारीही कबूल करू शकतो, आणि तू तर सही केलीयेस. एका पानानं माझी म्हैस, मांजर, कुऱ्हाड सगळं आडवं. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, पण तो डावीकडचा स्टँड ना, खिडकीजवळचा? तो तर मागच्या वर्षीपासून पडतोय. "घेतला तसा" म्हणजे मोडकाच घेतला होतास की. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके महिने शिकून सहीच्या कागदावरचं वाक्य मी नीट वाचलं नव्हतं, आणि त्यांनी दोन सेकंदांत वाचलं. म्हणून शिकवणीला साडेचार. अर्धा कापलाय तो दुपारच्या तत्त्वज्ञानाचा, जागं ठेवणं हे शिकवणाऱ्याचं पण काम आहे.

रब्बी ऑफिसात बोलले. परिणाम काय, तर 200 शेकेल रोख नाहीत, 80 शेकेलचं झेरॉक्सचं कार्ड, नॉन-रिफंडेबल, फक्त तिथल्याच मशीनला चालणारं. दुसऱ्या दिवशी विमान! एका संध्याकाळी माणूस किती झेरॉक्स काढणार. 40 अगोरोतला (शंभर अगोरोत म्हणजे एक शेकेल) एक पान, सत्तर काढली, त्यात आख्खा आठवा अध्याय आणि पप्पांसाठी मगिल्लाचं ते होदूचं पान. पप्पांनी ते फ्रिजवर लावलंय, उलटं लावलं होतं, सरळ केलं.

कार्डावर अजून 52 शेकेल आहेत. ठाण्याचं किंवा पनवेलकडचं कुणी एलुलला त्या बाजूला जाणार असेल तर सांगा, कार्ड देतो, वापरून झालं की अर्धे पैसे दिले तरी चालतील. आणि खिडकीजवळचा स्टँड घेऊ नका.