फास दोनदा आवळला जातो : किशलोवस्कीचा 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग'

खुनी तरुणांवरचे सिनेमे आणि वेबसिरीज हल्ली ढिगाने येतात. बहुतेकांत खुनीच सगळ्यांत देखणा, सगळ्यांत हुशार असतो आणि मेलेल्यांना धड नावही नसतं. मला ते बघवत नाही. क्रिस्तॉफ किशलोवस्कीचा हा १९८८ चा पोलिश सिनेमा मात्र मी जो भेटेल त्याला बघायला सांगते. ८४ मिनिटांचा आहे आणि त्यातली बरीच मिनिटं सोसवत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

वॉर्सात यात्सेक नावाचा विशीतला पोरगा दिवसभर भटकतो. पुलावरून खालच्या गाड्यांवर दगड ढकलतो. म्हातारी कबुतरांना दाणे घालत असते, तर मुद्दाम जाऊन ती उडवून लावतो. मग फोटोच्या दुकानात जातो, बहिणीचा जुना, चुरगळलेला फोटो मोठा करायला देतो आणि विचारतो, फोटोवरून माणूस जिवंत आहे की मेलाय ते कळतं का हो? कॅफेत बसून क्रीमचा केक खातो. टेबलाखाली हाताला दोरी गुंडाळणं चालू असतं. तेवढ्यात काचेपलीकडून दोन लहान मुली आत डोकावतात. त्यांना हसवायला हा काचेवर शितोडा उडवतो. मुली हसतात, तोही हसतो. पुढच्याच काही मिनिटांत तो टॅक्सीत बसणार आहे. मिरोस्वाव बाकाने ते हसू इतकं खरं दिलंय की खुनापेक्षा त्या हसण्याचीच मला धास्ती वाटते.

टॅक्सीवाला तरी कुठे सज्जन आहे? थंडीत ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांना टाकून निघून जातो, तरुण पोरींकडे वखवखून बघतो. पण भटक्या कुत्र्याला आपल्या डब्यातलं सँडविचही तोच देतो. मरणारा देवमाणूस असायलाच हवा, अशी सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. खून सात-आठ मिनिटं चालतो. दोरी, मग लोखंडी दांडा, मग दगड. झटापटीत पायातला बूट निघतो, हॉर्न वाजत राहतो. माणूस लवकर मरत नाही, आणि मारणाऱ्यालाही त्याचं काय करावं ते कळत नाही. सगळं उरकल्यावर यात्सेक गाडीत बसून त्या मेलेल्याचंच सँडविच खातो. छायाचित्रकार स्वावोमिर इजाकने हिरवट-पिवळे फिल्टर लावून सगळं शहर शेवाळलेल्या पाण्यात बुडवल्यासारखं केलंय.

मी पुण्याची. जोशी-अभ्यंकर खुनांच्या वेळी शाळेत होते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसं गेली. आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा दिवेलागणीलाच बंद व्हायचा. पुढे कळलं की मारणारे कमर्शियल आर्ट शिकणारी मुलं होती, आणि मोठी माणसं जास्तच हादरली; कारण तसली मुलं आमच्याही घरी पाणी प्यायला येत. नायलॉनची दोरी तिथेही होती. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली, तेव्हा 'सुंठीवाचून खोकला गेला' असं आमच्याकडे कोणी म्हणालं नाही एवढंच; सुटकेचा नि:श्वास सगळ्यांनी टाकला.

या सिनेमाचा उत्तरार्ध मला म्हणून टोचतो. खटला जवळजवळ वगळलाय, थेट निकाल. शेवटच्या भेटीत यात्सेक वकिलाला सांगतो की बारा वर्षांची बहीण ट्रॅक्टरखाली गेली, आणि ट्रॅक्टर चालवणारा मित्र त्याच्याचबरोबर प्यायला होता. हे खुनाचं कारण म्हणून येत नाही. माणूस म्हणून त्याच्याशी ओळख होते, तीही फार उशिरा. मग फाशी. जल्लाद आधी येऊन कप्पी तपासतो, तेल घालतो, खालच्या झडपेखाली ट्रे सरकवून ठेवतो. एखादा मेकॅनिक गाडी तपासतो तसं. प्रत्यक्ष वेळी नुसती आरडाओरड आणि ओढाताण. आपण पहिल्या दोरीला घाबरलो होतो, मग दुसरीच्या वेळी 'कायदा आहे' म्हणून गप्प कसे बसणार? मी आज फाशीच्या विरोधात आहे आणि त्यात या सिनेमाचा वाटा मोठा आहे. त्या चौघांना मात्र मी माफ केलेलं नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र नांदतात.

एक गोष्ट खटकते. वकील पिओत्र फारच निर्मळ आहे. शिक्षेची जरब बसते की नाही यावरचं त्याचं सुरुवातीचं बोलणं आणि अखेरचं शेतातलं ओरडणं, दोन्ही नसतं तरी चाललं असतं. जल्लादाच्या तेलाच्या थेंबाने ते आधीच सांगून झालंय. सहलेखक पेशेविच स्वतः वकील होते, तेव्हा तो राग खरा असणार, पण पडद्यावर तो जादा होतो.

कान महोत्सवात याला ज्यूरी पुरस्कार मिळाला आणि पहिला युरोपियन फिल्म पुरस्कारही. पोलंडमधली शेवटची फाशी त्याच वर्षी, १९८८ मध्ये झाली.

किशलोवस्कीच्याच 'डेकलॉग' या टीव्ही मालिकेतला पाचवा भाग म्हणजे याचीच तासाभराची टीव्ही आवृत्ती. आधी तीच हाताला लागली तरी तेवढ्यावर थांबू नका, पूर्ण सिनेमा शोधा. मुलांना दाखवू नका, आणि रात्री जेवून लगेच तर अजिबात लावू नका.