गट पॉलिसी की घरची फ्लोटर?

छोटं वर्कशॉप चालवणाऱ्याला एजंट हमखास गट आरोग्य विमा सुचवतो. त्यात दम आहेच. मालकाचा मधुमेह असो की कामगाराच्या बायकोचा थायरॉईड, जुने आजार बहुतेक गट पॉलिसींत पहिल्या दिवसापासून धरले जातात. बाळंतपणाचा खर्चही जोडून घेता येतो. फ्लोटरमध्ये, म्हणजे एकाच विमा रकमेत सगळं कुटुंब धरणाऱ्या घरच्या पॉलिसीत, जुन्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. पन्नाशीत शिरलेल्या, साखर वाढलेल्या माणसाला हा फरक साधा नाही.

अडचण माणसांच्या संख्येची. गटासाठी साधारण किमान ७ जण लागतात, त्यामुळे एकटा दुकानदार तिथेच बाद. शिवाय एखाद्या वर्षी मोठे क्लेम झाले की नूतनीकरणाला प्रीमियम वाढतो, आणि धंदा बंद झाला की कवचही जातं.

फ्लोटर मात्र धंदा बुडाला तरी तुमचीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्या प्रीमियमवर जीएसटी नाही. गट पॉलिसीवर १८ टक्के आहे. करात गटाचा हप्ता धंद्याच्या खर्चात जातो, फ्लोटरच्या हप्त्यावर जुन्या करप्रणालीत ८०डी म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळते.

माझं मत विचाराल तर कामगारांसाठी गट घ्या, पण घरची छोटी फ्लोटर तब्येत ठणठणीत असतानाच सुरू करून ठेवा. प्रतीक्षेचे महिने तोवर मागे पडतात.